आतला की बाहेरचा

आमच्या सरांनी मला नोकरी दिली ती एका प्रश्नाच्या उत्तरावर. "लग्नाच्या पंगतीत तुझ्या पानात मीठ वाढायचं राहिलं. वाढपी पुढे गेला. काय करशील?" मी म्हणाले, "शेजारणीच्या पानातलं उचलीन." सर खूश झाले. एका पिवळ्या कार्डावर चार अक्षरं लिहिली, कार्ड बुटाच्या खोक्यात टाकलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये." माझ्या मार्कशीटकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. मी ती मुद्दाम लॅमिनेट करून नेली होती. त्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

घाटकोपरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं पुरवायचं काम. कुणाला रिसेप्शनिस्ट हवी, कुणाला ड्रायव्हर, कुणाला दुकानात उभा राहणारा माणूस. बाकीचे लोक अशा वेळी शिक्षण बघतात, अनुभव बघतात. सर माणसाचा प्रकार काढायचे. ही विद्या त्यांनी तरुणपणी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून उचलली होती आणि मग तिला घासूनपुसून पार मराठी करून टाकली होती. चार प्रश्न. माणूस आतला की बाहेरचा, म्हणजे दमला की एकटा बसून ताजा होतो की चार जणांत जाऊन? डोळ्यांचा की कल्पनेचा? डोक्याचा की काळजाचा? आणि आखीव की वाहता? प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे एकूण सोळा प्रकार. "जगात सोळाच तऱ्हेची माणसं आहेत," सर सांगायचे. "सतराव्या तऱ्हेचा आणून दाखव, मी नोकरी सोडतो."

ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. पण सर रिक्षात बसले की मीटर पडायच्या आत रिक्षावाल्याचं कार्ड मनात तयार. मुलुंडच्या बाजारात ते एकाच कोळणीकडून मासे घ्यायचे, कारण ती आखीव होती. "आखीव बाईला कालचं आज चालत नाही, त्यामुळे मासा ताजा." दात दुखत असताना एका डेंटिस्टच्या खुर्चीतून ते उठून आले होते. डॉक्टर कल्पनेचा निघाला. "दातात कल्पना कशाला हवी?" असं म्हणत ते आठवडाभर लवंग चघळत फिरले, पण परत गेले नाहीत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ऑफिसात अशी वदंता होती की मुलगी बघायला गेले असताना चहा येईपर्यंत त्यांनी मुलीचं कार्ड काढलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ती आखीव, मीही आखीव. कपाटाचा वरचा खण कुणाचा यावर जन्म गेला असता." हसत म्हणाले, पण त्या दिवशी डब्याबरोबर रोज आणायचे ती सोलकढीची बाटली त्यांनी तशीच भरलेली घरी नेली.

आणि कार्डावर लिहायचे ते पेनानं. खाडाखोड नाही. "पेन्सिलनं लिहिणाऱ्याचा स्वतःवर भरवसा नसतो." एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही कार्डावरचं एक अक्षर बदललेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या पप्पांचं कार्ड येईपर्यंत.

माझे पप्पा बसडेपोत मेकॅनिक होते आणि गाणी लिहायचे. भीमगीतं. मानखुर्दला आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. तिची मुख्य गायिका पप्पांच्या चुलत बहिणीसारखी, मी तिला आत्याच म्हणते. दर वर्षी जयंतीला आत्या पप्पांचं एक नवं गाणं गायची. मंडपातले लोक वाट बघायचे, यंदा काय. पप्पा स्वतः कधी स्टेजवर चढले नाहीत. मागे खांबाला टेकून उभे राहायचे आणि स्वतःचं गाणं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ऐकायचे. मुळात माणूस अबोल. आईशी दिवसाला दहा वाक्यं बोलले तर खूप.

मानखुर्दचं आमचं घर एका खोलीचं, त्यात आम्ही नऊ माणसं. पप्पा भिंतीकडे तोंड करून, मांडीवर फळी घेऊन लिहायचे. लहानपणीचा आईचा एकच आवाज मला आठवतो, "गप्प बस गं, पप्पा लिहितायत." तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठी होऊन पप्पांना एक खोली देईन. त्यांची एकट्याची, दार लावता येईल अशी. पुढे ती दिलीही. मुलुंडला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यात एक खोली पप्पांची. टेबल, खुर्ची, दिवा, समोर खिडकीत डोंगर. आजी गेली होती, काका गावी परतला होता, भावंडं आपापल्या घरी. राहिलो आम्ही तिघंच. वास्तूला लोक आले ते त्या खोलीत उभे राहून म्हणाले, "आता काय, आता तर गाण्यांचा पाऊस पडेल."

पहिल्या वर्षी एकही गाणं झालं नाही. दुसऱ्या वर्षी पण नाही. आत्यानं दोन्ही जयंत्यांना जुनी गाणी गायली. तिसऱ्या वर्षी माघ लागता लागता ती मुलुंडला आली, खोली बघितली, खुर्चीवर बसून बघितलं आणि पप्पांना म्हणाली, "दादा, माझा आवाज किती वर्षं राहील सांगता येत नाही. यंदा तुझं नवं गायचंय मला. नसेल होत तर तसं सांग, मी दुसऱ्याकडून घेते." पप्पा म्हणाले, "आटलं गं माझं." एवढंच. आत्या जिन्यापर्यंत रडत गेली. मी तिला सोडायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डबा उघडला. सरांसमोरच रडू फुटलं. कारण सांगितलं. सरांनी रुमाल दिला, पण त्यांना फार वेळ थांबवेना.

"रडणं होऊ दे. पण मला सांग, ते आतले की बाहेरचे?"

"सर, माझे पप्पा आहेत ते. उमेदवार नाहीत."

"म्हणून तर विचारतोय. गाणं कुठून येतं ते कळलं तर ते का थांबलं ते कळेल. वह्या आण."

वह्या एकतीस होत्या. काही म्हणजे बसडेपोची जुनी रजिस्टरं, काही आमच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पानं. ऑइलचे डाग, अक्षर बारीक. त्या सरांच्या हाती द्यायचा मला धीर होईना, म्हणून मी रोज रात्री थोडी थोडी गाणी कॉम्प्युटरवर टाइप केली आणि स्वच्छ कागदांची चळत त्यांना नेऊन दिली. सरांनी चार रंगांची पेनं घेतली आणि ओळ न् ओळ रंगवली. दिवा आला की निळा, उंबरठा आला की निळा, सावली, उशी, मिटलेले डोळे, सगळं निळं. पंधरा दिवसांनी निकाल लागला. पिवळ्या कार्डावर पहिलं अक्षर 'आ'.

"पक्के आतले," सर म्हणाले. "असा आतला माणूस मी आजवर पाहिला नाही. त्यांना अजून शांतता लागेल. तू खोली दिलीस, पण घर गप्प नाही केलंस."

मग आम्ही घर गप्प केलं. टीव्ही बंद. दारावरची बेल काढून टाकली. आईनं मिक्सर लावणं सोडलं, त्यामुळे चटणी बंद, त्यामुळे डोसे बंद. कुकरची शिट्टी व्हायला आली की आई धावत जाऊन गॅस बारीक करायची आणि डाळ अर्धी कच्ची राहायची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायचो. सर रोज सकाळी विचारायचे, "ओळ आली?" मी मान हलवायची. मग सर एखादी नवी गोष्ट बंद करायला सांगायचे. पप्पा खोलीत बसून पेन्सिलींना टोकं करायचे. दुपारचे कधी झोपत नसत, ते झोपायला लागले. एके दिवशी बाहेर येऊन त्यांनी आईला हळूच विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

तेव्हा मला खरोखर भीती वाटली. जयंती महिन्यावर आली होती, पण मला आता गाण्याचंही काही वाटेनासं झालं होतं. माझ्या बापाला मी चांगल्या घरात आणून विझवत होते, असं मला वाटायला लागलं, आणि हे मी कुणाजवळ बोलू शकत नव्हते.

सर म्हणाले, "रविवारी मी येतो. माणूस डोळ्यांनी बघितला पाहिजे."

रविवारी सर आले. पांढरा हाफशर्ट, खिशात चार पेनं. पप्पांना त्यांनी 'कवीसाहेब' म्हणून हात जोडले. पप्पांनीही जोडले. आईनं पोहे आणून ठेवले. सरांना बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी आणलेला टाइप केलेला कागद काढला आणि म्हणाले, "या गाण्यात एक शब्द मला लागत नाही. टायपिंगची चूक असेल. मूळ वही बघू?"

मी वही आणून दिली. सरांनी ती मूळ वही पहिल्यांदाच हातात घेतली होती. त्यांनी पान उघडलं आणि शब्द शोधायचा सोडून समासाकडेच बघत राहिले.

"हे काय आहे?"

समासात पप्पांनी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'पाढे'.

"ते गाण्यातलं नाही," मी म्हणाले. "असं काहीबाही प्रत्येक पानावर आहे. मी टाइप करताना गाळलं."

सरांनी मागचं पान उलटलं. समासात 'टँकर'. त्याच्या मागे 'वर भांडण'. मग 'आई खोकते', म्हणजे माझी आजी. मग 'कॅरम, बाहेर'. सर पानं उलटत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी पप्पांना विचारलं, "कवीसाहेब, हे काय लिहून ठेवलंय?"

पप्पा जरा लाजले. "मला चाल लिहिता येत नाही ना सर. सारेगम कुठं शिकलोय. लिहिताना आजूबाजूला काय चाललं होतं ते टिपून ठेवतो. पुढं चाल विसरली की ते वाचायचं. ते ऐकू आलं की चाल ऐकू येते."

"म्हणजे पाढे?"

पप्पांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच, परक्या माणसासमोर गुणगुणले, "दिवा एक दिवा, त्याचे झाले हजार..."

आत स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, हा तर तेराचा पाढा! ही चौथीत होती तेव्हा कोकलायची. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. मी म्हणायची, गप्प बस गं, पप्पा लिहितायत. आणि हे म्हणायचे, म्हणू दे तिला."

'म्हणू दे तिला' हे पुढचं वाक्य मला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त पहिलं घेऊन जगले होते. ते गाणं आत्यानं किती मंडपांत गायलं असेल, लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, आणि मी त्यात बसले होते, दोन वेण्या घालून, माझा मलाच पत्ता नव्हता. मी तिथेच रडायला लागले. पप्पा घाबरले. त्यांना वाटलं, त्यांचं काही चुकलं.

सर मात्र उठून उभेच राहिले. आवाज चढला की ते मालवणीवर यायचे. "चुकलंय मी! पार चुकलंय गो! ह्यांका शांतता दिली आपण? शांतता? ह्यांचा नळच बंद केला! लिहिणारा आतला, पण पाणी बाहेरच्या नळाचं!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू समास गाळलास! साफसूफ करून दिलंस मला!" मी म्हणाले, "आणि तुम्ही पण वही न बघता कार्ड लिहिलंत." दोघांचंही खरं होतं. पोहे गार झाले.

सोमवारी सरांनी कार्ड काढलं. ऑफिसात व्हाइटनर नव्हतंच, कधी लागलंच नव्हतं. ते स्वतः खाली जाऊन घेऊन आले आणि 'आ' झाकला. मग त्यावर काय लिहायचं यावर तीन दिवस अडून बसले. "बोलत नाहीत म्हणून आतले. माणसांवाचून सुचत नाही म्हणून बाहेरचे. मग हा माणूस कोण?" मी म्हणाले, "सतरावा. सोडा आता नोकरी." सर म्हणाले, "सोडली असती. पण सतराव्याचं नाव ठरवल्याशिवाय कसा सोडू?" पहिल्या अक्षराची जागा रिकामी ठेवून ते कार्ड त्यांनी खोक्यात न टाकता टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्या खोक्यातल्या कितीतरी लोकांना त्यांनी नंतर परत बोलावलं, नुसतं बोलायला. काहींना वाटलं नोकरी मिळणार. मलाच फोनवर समजूत घालावी लागली.

चूक कळली तरी गाणं लगेच आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सरांनी उत्साहात आमच्या हॉलमध्ये टीव्ही, रेडिओ, मिक्सर असं सगळं एकदम सुरू करून पाहिलं. स्वतः सोफ्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचला, अगदी टेंडरच्या नोटिसांसकट. अर्ध्या तासानं पप्पा बाहेर आले आणि नम्रपणे म्हणाले, "सर, हा आवाज माझ्यासाठी चाललाय. माझ्यासाठी केलेला आवाज कामाचा नाही. ज्याचं त्याचं काहीतरी चाललेलं असलं पाहिजे."

सरांनी हे लिहून घेतलं. मला वाटतं त्यांच्या साऱ्या विद्येत त्यांना सगळ्यात जास्त पटलेलं वाक्य तेच असेल.

मार्ग आईनं काढला. तिनं फ्लॅटचं मुख्य दार उघडं टाकलं, मानखुर्दला असायचं तसं. समोरच्या गुजराती काकी आधी काळजीनं, मग सवयीनं आत यायला लागल्या. उन्हाळा लागला होता, तर आईनं मजल्यावरच्या बायकांना पापड लाटायला बोलावलं. लिफ्टसमोर पोरांनी कॅरम मांडला. सेक्रेटरी तक्रार घेऊन आला, आणि नेमके सर तिथे होते. सरांनी त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि शेवटी सांगितलं की तुमच्यासारखा काळजाचा सेक्रेटरी अख्ख्या मुलुंडमध्ये नसेल. बिचारा नंतर पोरांना कॅरमची पावडर आणून द्यायला लागला. मला विचाराल तर तो काळजाचा-बिळजाचा काही नव्हता, त्याला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं एवढंच.

पापडाच्या तिसऱ्या दिवशी पप्पांनी आईला कागद मागितला. ओळ होती, 'लाटता लाटता गोल झालं आभाळ'. समासात 'पापड'. धृपद झालं, पहिला अंतरा झाला, आणि पुन्हा अडलं. पापड संपले होते. पोरांच्या परीक्षा सुरू झाल्या, कॅरम बंद. जयंतीला आठ दिवस राहिले. आत्याचा रोज फोन, पप्पांना नाही, मला. "दादाला सांगू नको मी फोन केला म्हणून."

आता सर रिटायर होऊन मालवणजवळच्या गावी राहतात. तिथून मला होडीवाल्यांची, शेजारच्या कुत्र्यांची कार्डं फोनवर पाठवतात. सगळी पेन्सिलनं. त्या वर्षीच्या जयंतीला ते मानखुर्दच्या मंडपात आले होते आणि आत्या नवं गाणं गात असताना तालाला सोडून टाळ्या वाजवत होते. पप्पा त्यांच्या शेजारी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांना अजिबात थांबवत नव्हते. पण माझ्या लेखी ते गाणं झालं त्याआधीच्या रविवारी.

त्या रविवारी सकाळी सरांचा फोन आला. आदल्या दिवशी मी आमच्या जुन्या वस्तीतल्या एका मुलीला रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी त्यांच्याकडे पाठवलं होतं. सरांनी तिला नापास केलं होतं.

"आवाज निघत नाही तिचा. आतली आहे. रिसेप्शनला बाहेरचं माणूस लागतं."

"सर, तुमच्यापुढे कुणाचा निघतो? मिठाचा प्रश्न विचारलात ना तिला?"

"विचारला. म्हणाली, अळणी जेवीन."

"मग? जेवली असती ती! घरी तीन भावंडं सांभाळते, दवाखान्यात आजीचं सगळं तीच बोलते. पप्पांच्या बाबतीत चुकलात, तिच्या बाबतीत कशावरून नाही?"

"कवीसाहेबांचं वेगळं!"

"प्रत्येकाचं वेगळंच असतं! तुम्ही समास न बघता कार्ड लिहिलंय परत!"

"माका शिकवू नको तू!"

"शिकवणार! त्या मुलीची जिंदगी आहे सर, तुमचं खोकं नाही!"

मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत ओरडत होते. दार उघडंच होतं. समोरच्या काकी हातात पळी घेऊन बघायला आल्या. आणि मग अचानक मला भान आलं की पप्पा आत बसलेत. लहानपणापासूनची सवय, मी एकदम आवाज खाली आणला, फोनवर हात ठेवला.

आतून पप्पांचा आवाज आला. इतका मोठा मी तो पूर्वी ऐकला नव्हता.

"थांबू नको गं! मोठ्यानं भांड! दुसरा अंतरा चाललाय!"